श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या लोकसेवेचें मूळ

औंध संस्थानांत १९३९ च्या जानेवारींत स्वराज्याची घटना अमलांत आली. तिची हकीकत साधारणतः अशी सांगण्यांत येते कीं, महात्मा गांधींनीं आराखडा सांगितला, मॉरिस फ्रिडमन ऊर्फ भारतानंद या पोलिश गृहस्थानें व राजपुत्र अप्पासाहेब पंत यांनीं तो तपशिलानें मांडला, आणि सत्तरी गांठलेल्या राजेसाहेबांनीं त्यावर सही केली. या कथनांतील कोणतीहि गोष्ट खोटी नाहीं. परंतु त्यावरून जें अनुमान काढण्यांत येतें, म्हणजे औंधचें स्वराज्य हें बाहेरून आणून बांधलेलें कलम होतें व बाळासाहेबांचा त्यांतील वाटा सहीपुरताच होता, तें आम्हांस मान्य नाहीं.

गांधीजींचा सल्ला त्या काळीं सर्वच संस्थानिकांस खुला होता. औंधची घटना अमलांत येत होती त्याच सुमारास राजकोटच्या ठाकूरसाहेबांनीं प्रजेस दिलेलें वचन मोडलें, आणि मार्च महिन्यांत गांधीजींस तेथें उपोषणास बसावें लागलें. वैद्य एकच, औषधहि एकच. तें एका ठिकाणीं लागू पडलें, दुसऱ्या ठिकाणीं पोटांत ठरलें नाहीं. तेव्हां औषधापेक्षां प्रकृतीचा विचार करणें अधिक युक्त होय. बाळासाहेबांची प्रकृति कशी घडली होती हें पाहण्याचा प्रस्तुत लेखांत प्रयत्न केला आहे. आमच्या मतें तिचें मूळ वारशाविषयींच्या एका विशिष्ट समजुतींत आहे, आणि जुने कागद व पोथ्या बाळगणाऱ्या आपल्या वाचकवर्गाशीं त्या समजुतीचा निकटचा संबंध आहे.

धर्मशास्त्रांत ठेवीचे भेद सांगितले आहेत. मोजून व दाखवून दिलेली ठेव तो निक्षेप. आणि पेटींत घालून, मोहोर करून, आंत काय व किती आहे हें न सांगतां दिलेली ठेव तो उपनिधि. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत उपनिधीचें स्वतंत्र प्रकरण असून मिताक्षराकारांनीं हा भेद स्पष्ट केला आहे. ठेव घेणाऱ्यानें ती जशीच्या तशी परत करावयाची. आपल्या इच्छेनें तिचा उपभोग घेतल्यास तो दंडास पात्र. आतां पूर्वजांकडून आलेलें दफ्तर, पोथ्या, देवघर, कुळाची कीर्ति हीं सर्व उपनिधीच्या जातीचीं आहेत. बासन बांधलेलें हातीं येतें. रुमालांत काय आहे हें घेणाऱ्यास ठाऊक नसतें. मात्र व्यवहारांतील ठेवींत ठेवणारा ती परत मागावयास येतो. येथें तो केव्हांच दिवंगत झालेला असतो. मग ती परत करावयाची कोणास? बहुतेक घराण्यांनीं हा प्रश्न स्वतःस विचारलाच नाहीं, आणि न मागितलेली ठेव हळूहळू मालमत्ता होऊन बसली. वाळवीनें खाल्लेल्या कित्येक दफ्तरांची कथा ती हीच.

ज्यांनीं हा प्रश्न विचारला त्यांपैकीं एक मिरजेस होते. वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) हे साताऱ्यास अनंताचार्य गजेंद्रगडकर यांच्यापाशीं संस्कृत शिकले व पुढें मिरजेच्या शाळेंत शिक्षक झाले. पगार मास्तराचा, आणि समोर पटवर्धन सरदारांचीं दफ्तरें! १८९७ पासून त्यांनीं ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पानिपतानंतरच्या मराठी राजकारणाच्या हालचाली आज आपणांस ज्या बारकाईनें कळतात, त्याचें पुष्कळसें श्रेय या खंडांस आहे. शास्त्रीबोवा कवि होते, नाटककार होते. त्या कागदांतून चार रंगतदार नाटकें काढून स्वस्थ बसणें त्यांना अशक्य नव्हतें. त्यांनीं पत्रें वाचलीं, लावलीं आणि छापलीं. कागद पटवर्धनांचे असले तरी ते परत करावयाचे ते वाचकांस, असा हा निवाडा होता. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं आयुष्यभर जमविलेला संग्रहहि त्यांच्या पश्चात् १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत जाऊन अभ्यासकांच्या उपयोगीं पडला. परंतु खरे व पारसनीस यांच्याजवळ कागद होते, सत्ता नव्हती. कागद, कला, देवस्थान आणि सत्ता हीं चारहि एकाच पेटींत ज्यांच्या हातीं आलीं ते औंधकर. म्हणून त्यांचें उदाहरण अधिक कसोटीचें आहे.

प्रतिनिधि हें पद छत्रपति राजाराम महाराजांनीं जिंजीस असतां निर्माण केलें व प्रथम प्रल्हाद निराजी यांस दिलें. किन्हईच्या कुलकर्णी घराण्यांतील परशुराम त्रिंबक यांनीं मोगलांच्या ताब्यांत गेलेले किल्ले परत मिळविण्यांत पराक्रम केला आणि हें पद त्यांच्याकडे आलें. पुढें शाहु महाराज परत आले तेव्हां ताराबाईंचा पक्ष धरल्यामुळें त्यांना बंदिवास भोगावा लागला. पण शेवटीं पद घराण्यांत कायम झालें. परशुराम त्रिंबक १७१८ सालीं वारले. त्यांचे पुत्र श्रीपतराव हे शाहूंच्या दरबारांत बाजीरावांच्या उत्तरेकडील धोरणाचे प्रतिस्पर्धी म्हणून इतिहासांत प्रसिद्ध आहेत. या सर्व गोष्टी वाचकांस परिचित असल्यानें त्यांचा विस्तार करीत नाहीं.

एक गोष्ट मात्र मुद्दाम नमूद करावीशी वाटते. या घराण्याच्या पेटींत सर्वच सोनें नव्हतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं परशुराम श्रीनिवास ऊर्फ थोटे पंत यांच्या वेळीं पेशव्यांच्या वतीनें बापू गोखले चालून आले, लढाईंत पंत जायबंदी झाले, आणि वासोटा लढविला तो त्यांच्या पदरच्या ताई तेलिणीनें. १८२० च्या करारानें इंग्रजांनीं जहागीर कायम ठेवली. साताऱ्याचें राज्य खालसा झाल्यावर औंधकरांचा संबंध थेट इंग्रज सरकारशीं आला. म्हणजे पराक्रमानें मिळविलेलें पद शेवटीं परक्यांच्या मेहरबानीवर टिकलें. वारशाचा अभिमान धरणारे हा भाग बहुधा गाळतात. बाळासाहेबांच्या घरांत तो गाळणें शक्य नव्हतें. त्यांना स्वतःस गादी मिळाली तीहि १९०९ सालीं, इंग्रज सरकारनें त्यांचे पुतणे गोपाळकृष्णराव यांस दूर केल्यावर. जें पद स्वतःच्या जोरावर राखतां येत नाहीं तें आपलें कितपत, हा विचार अशा मनुष्यास सुचणें स्वाभाविक आहे.

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. ते बी. ए. झालेले होते. चित्रकलेचा नाद होता, संस्कृताची गोडी होती, आणि कीर्तनाचें वेड होतें. राजे लोक कीर्तनकारांस बिदागी देतात. हे स्वतः कीर्तनास उभे राहत. ही लहानशी बाब आम्हांस फार महत्त्वाची वाटते. दानशूर यजमान वारशापासून हातभर दूर बसून तो ऐकतो. कीर्तनकारास आख्यान पाठ करावें लागतें, आणि जमलेल्या शेतकऱ्यास, तेलणीस, पोरासोरांस तें समजेल असें सांगावें लागतें. तेथें श्रोता उठून गेला तर राजा असून उपयोग नाहीं. राजानें रयतेसमोर उभें राहून तिचें अवधान मागावें, ही संवय औंधास घटनेच्या कितीतरी आधींची आहे.

चित्रांचेंहि तेंच. १९१६ सालीं त्यांनीं स्वतः काढलेल्या चित्रांचें ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध केलें. कलेच्या दृष्टीनें त्या चित्रांस फार वरचें स्थान देतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. रविवर्म्याच्या वळणाची छाप त्यांवर स्पष्ट आहे आणि हात हौशी मनुष्याचा आहे. परंतु रामायण वाचतां न येणाऱ्यास तें पाहतां यावें हा हेतु त्यांत उघड दिसतो. १९३५ सालीं इंदूरच्या मराठी साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें तें केवळ संस्थानिक म्हणून नव्हे, असें या सर्व उद्योगावरून म्हणतां येईल.

आतां जी गोष्ट पोथ्यांच्या संग्राहकांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे तिजकडे वळतों. महाभारताची चिकित्सक आवृत्ति तयार व्हावी ही कल्पना प्रथम युरोपांत निघाली. १८९७ सालीं पॅरिसच्या प्राच्यविद्यापरिषदेंत विंटरनिट्झ यांनीं ती मांडली. तेथील विद्वत्संस्थांनीं काम हातीं घेतलें. कांहीं नमुन्याचीं पानेंहि निघालीं. आणि १९१४ च्या महायुद्धांत सर्व थंडावलें. पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ सालीं स्थापन झालें. त्याच्या दुसऱ्या वर्षींच बाळासाहेबांनीं महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठीं हप्त्यांनीं एक लाख रुपये देण्याचें जाहीर केलें. सुमारें ५०० चौरस मैलांचें, ७२ गांवांचें, पाऊण लाखाच्या आसपास वस्तीचें आणि तेंहि पुष्कळसें अवर्षणाच्या पट्ट्यांतलें हें संस्थान! त्या मानानें ही रक्कम लहान नव्हती.

येथें एक सूक्ष्म गोष्ट आहे. बाळासाहेबांच्या मनांत होतें तें चित्रांनीं सजविलेलें महाभारत. आणि विद्वानांस हवें होतें तें पाठभेदांनीं तपासलेलें महाभारत. दात्याची इच्छा एक व कामाची गरज दुसरी असें झालें म्हणजे पुष्कळ ठिकाणीं देणगी तरी परत जाते किंवा काम तरी बिघडतें. येथें दोन्ही झालें नाहीं. चित्रांस ग्रंथांत जागा मिळाली, पण मुख्य काम पाठचिकित्सेचें ठरलें, आणि दात्यानें त्यास आडकाठी केली नाहीं. १ एप्रिल १९१९ रोजीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्तें कार्यास आरंभ झाला. १९२३ सालीं उत्गीकरांनीं विराटपर्वाची नमुन्याची आवृत्ति काढली. १९२५ सालीं डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले आणि त्यांनीं कामाची पद्धत घालून दिली. काश्मीरच्या शारदा लिपीपासून मलबारच्या ग्रंथ व मल्याळम् लिपींपर्यंतच्या पोथ्या गोळा झाल्या. एकंदर १,२५९ पोथ्या ताडून पाहण्यांत आल्या. सुखठणकर १९४३ सालीं वारले, बाळासाहेब १९५१ सालीं. आवृत्ति पुरी झाली ती १९६६ सालीं. ज्या कामाचा शेवट आपल्या हयातींत दिसण्याचा संभव नाहीं त्याचा आरंभ करून देणारा मनुष्य वारशाकडे मालकीच्या दृष्टीनें पाहत नसतो.

त्या १,२५९ पोथ्यांतील प्रत्येक पोथी कोणत्या तरी मठाच्या, राजाच्या अगर गृहस्थाच्या पेटींतून निघालेली होती. एकानें जरी पेटी उघडण्यास नकार दिला असता तरी एक साक्षीदार कमी झाला असता. पैसा औंधचा होता हें खरें; परंतु काम उभें राहिलें तें अशा शेकडों उपनिधिधारकांनीं ठेव परत केल्यामुळें.

त्याच सुमारास पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधास येऊन राहिले. ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ या त्यांच्या लेखामुळें कोल्हापुरांत राजद्रोहाचा खटला उभा राहिला होता व ‘विश्ववृत्त’कर्ते प्रो. विजापूरकर यांस तुरुंगांत जावें लागलें होतें, हें वाचकांस ठाऊक आहेच. अशा मनुष्यास जवळ करणें इंग्रजी अमदानींत एखाद्या लहान संस्थानिकास सोयीचें नव्हतें. तरी औंधास स्वाध्यायमंडळ निघालें, आणि तेथून वेदसंहिता व त्यांवरील सुबोध विवरणें सामान्य वाचकास परवडतील अशा रूपांत बाहेर पडूं लागलीं. आमच्या पिढींतील कित्येकांनीं घरबसल्या संस्कृताचीं पहिलीं पाठ्यपुस्तकें वाचलीं तीं सातवळेकरांचींच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत सर्वांस माहीत आहे. बेळगांवांतून कारखाना हलवावा लागला तेव्हां बाळासाहेबांनीं १९१० सालीं कुंडल स्टेशनजवळचा निवडुंगानें भरलेला माळ त्यांना दिला, कर्जाऊ रक्कमहि दिली, आणि किर्लोस्करवाडी वसली. पुढें कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कांचकारखाना १९१६ सालीं निघाला, त्यासहि औंधचाच आश्रय होता. वेद छापणें व नांगर ओतणें यांचा परस्परांशीं काय संबंध, असें कोणी विचारील. बाळासाहेबांना तो प्रश्न पडला नसावा. माळ पडून होता. तो ज्यास उपयोगी पडेल त्यास दिला. पडून राहिलेल्या पोथीस त्यांनीं जो न्याय लावला तोच पडीक जमिनीस लावला, इतकेंच.

सूर्यनमस्काराच्या प्रकरणीं मात्र थोडें थांबलें पाहिजे, कारण तेथें या वृत्तीचा गुण व दोष दोन्ही दिसतात. तरुणपणीं बाळासाहेब सँडोच्या पद्धतीनें व्यायाम करीत. मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते नमस्कारांकडे वळले. घरोघरच्या उपासनेंतील ही गोष्ट त्यांनीं देवघरांतून काढून शाळेच्या पटांगणांत आणली, तिजवर इंग्रजींत व मराठींत पुस्तकें लिहिलीं, आणि १९३६ सालीं विलायतेस गेले तेव्हां तेथेंहि तिचा प्रसार केला. आज जगांतील अनेक देशांत सकाळीं नमस्कार घालणाऱ्या स्त्रीपुरुषांस औंध कोठें आहे हें ठाऊक नसेल. परंतु संस्थानच्या शाळांत नमस्कार घालावेच लागत. जें स्वतःस हितकर झालें तें दुसऱ्यानें घेतलेंच पाहिजे, हा आग्रह चांगल्या मनुष्यांचा नेहमींचा दोष आहे. चाळीस वर्षें वर्गांत उभें राहून रूपें घोकवून घेतलेल्या प्रस्तुत लेखकास त्याविषयीं फार बोलण्याचा अधिकार नाहीं. नोंदण्यासारखें इतकेंच कीं, नमस्कारांच्या बाबतींत रयतेचें मत न विचारणारे राजेसाहेब पुढें राज्याच्या बाबतींत तें विचारावयास तयार झाले.

औंधास यमाईच्या डोंगराच्या चढणीवर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय आहे. तें १९३८ सालीं स्थापन झालें. आयुष्यभर जमविलेलीं चित्रें, मूर्ति, हस्तिदंती काम, शिसवी काम हीं राजवाड्यांत न ठेवतां वाटेवर ठेवलीं. वाट म्हणजे देवीची वाट. देवीस जाणारा यात्रेकरू चढतांना किंवा उतरतांना सहज आंत डोकावतो. तेथें राजा रविवर्म्याचीं चित्रें आहेत, जुनीं लघुचित्रें आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकारानें दगडांत घडविलेली माता व बालक यांची मूर्तिहि आहे. मागें एकदां आम्ही तेथें असतां नवस फेडून आलेली एक वृद्ध बाई त्या मूर्तीसमोर थांबली व तिनें सवयीनें हात जोडले. कोणत्याहि राजधानींतील संग्रहालयांत मूरच्या शिल्पास असा सत्कार लाभला असेल असें वाटत नाहीं. संग्रह कोठें मांडला यावर तो कोणाचा झाला हें ठरतें, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशीं समजली.

ज्या वर्षीं संग्रह दिला त्याच वर्षाच्या अखेरीस सत्ता देण्याचें ठरलें. हा योगायोग नव्हे असें आमचें म्हणणें आहे. अप्पासाहेब ऑक्सफर्ड येथें शिकून, बॅरिस्टर होऊन नुकतेच परत आले होते. फ्रिडमन हे बंगळूरच्या विजेच्या कारखान्यांतले इंजिनियर. कफनी घालून खेडीं हिंडणारा हा गृहस्थ पुढें मुंबईस निसर्गदत्त महाराजांचीं संभाषणें इंग्रजींत आणणारा म्हणून प्रसिद्ध झाला. या दोघांनीं सेवाग्रामास जाऊन गांधीजींचा सल्ला घेतला. घटनेचा पाया गांव हा होता. प्रौढांच्या मतांनीं निवडलेली पांच जणांची पंचायत. पंचायतींवर तालुक्याचें मंडळ. आणि त्यांवर कायदेमंडळ. न्यायदान शक्य तितकें गांवांतच व्हावें अशी योजना होती. गांधीजींनीं ‘हरिजन’मध्यें तिची दखल घेतली. राजा राहिला तो प्रजेचा पहिला सेवक या नात्यानें.

येथें पंचायत हा शब्द जुना आहे म्हणून कोणी असें म्हणेल कीं, जुनी गोतसभाच पुन्हां आणली. तें बरोबर नाहीं. जुन्या महजरांवर सह्या, निशाण्या व शिक्के असत ते वतनदारांचे; देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेट्ये, महाजन आणि बलुते यांनीं आपआपल्या मानाप्रमाणें बसावयाचें व आपआपल्या हक्कानें बोलावयाचें. औंधच्या पंचायतींत वतन लागत नव्हतें. बाळासाहेबांनीं जुन्या संस्थेचें नांव घेतलें आणि तिच्यांतील जन्मसिद्ध मान काढून टाकला. पाठचिकित्सेच्या भाषेंत सांगावयाचें तर, मूळ पाठ राखून मागाहून शिरलेला प्रक्षेप वगळला. किंवा कोणाच्या मतें मूळच बदललें. या दुसऱ्या मताशीं आम्ही फारसें भांडणार नाहीं. आलेली ठेव जशीच्या तशी परत करावयाची हा शास्त्राचा नियम सोन्यानाण्यास ठीक आहे. माणसांच्या संस्थांस तो सर्वस्वीं लागू पडत नाहीं, आणि तसा तो लावूं पाहणारे पुष्कळदां वारसा राखण्याच्या नांवाखालीं स्वतःचा मान राखीत असतात.

आटपाडीजवळ १९३९ सालींच स्वतंत्रपूर नांवाची वसाहत निघाली. गुन्हेगारांस भिंतीआड न ठेवतां शेतीवर, कुटुंबासह ठेवावयाचें, आणि पहारा त्यांच्या शब्दाचा. यांत फ्रिडमन यांचा पुढाकार होता. पुढें १९५७ सालीं व्ही. शांताराम यांनीं काढलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटास स्फूर्ति येथूनच मिळाली, व त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच आटपाडी भागांतले. वाल्ह्या कोळ्याचें आख्यान कीर्तनांत सांगणें सोपें आहे. खुनाची शिक्षा झालेल्या मनुष्याच्या हातीं विळा देऊन रात्रीं स्वस्थ झोपणें सोपें नाहीं.

आक्षेप घेण्यास जागा पुष्कळ आहे. संस्थान चिमुकलें, तुटक तुटक, कांहीं साताऱ्याकडे तर कांहीं विजापुरापर्यंत विखुरलेलें. तेथें जमलें तें मोठ्या मुलखांत जमलें असतें काय? राजा उदार होता म्हणून स्वराज्य मिळालें. मग तें स्वराज्य कीं दान? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याचें उत्तर आम्हांस कुंडलांत दिसतें. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचें एक मुख्य ठाणें कुंडल होतें, आणि कुंडल औंधच्या हद्दींत. इंग्रजी मुलखांतल्या भूमिगतांस त्या हद्दीचा आडोसा मिळाला. राजेसाहेबांनीं दिलेल्या स्वराज्यांतील माणसें राजेसाहेबांच्या परवानगीची वाट न पाहतां आपल्या मतें वागूं लागलीं होतीं. दान घेतलेला मनुष्य असा वागत नाहीं. ठेव परत मिळालेला वागतो.

८ मार्च १९४८ रोजीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. त्यापूर्वीं गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीचा धक्का या सर्व भागास बसला होता. सातवळेकरांचें स्वाध्यायमंडळ त्याच वर्षीं गुजराथेंत पारडीस गेलें. औंध सातारा जिल्ह्यांत राहिलें. आटपाडी व कुंडल दक्षिण साताऱ्यांत गेलीं, ज्यास १९६० पासून सांगली जिल्हा म्हणतात. घटना नऊ वर्षेंच चालली. तिचें फळ काय असें कोणी विचारल्यास आंकड्यांनीं उत्तर देतां यावयाचें नाहीं. एवढें मात्र सांगतां येईल कीं, ज्या आटपाडीच्या दुष्काळी मुलखांत जोंधळा पिकण्याची मारामार, तेथल्या तिघांनीं पुढें मराठी साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें : ग. दि. माडगूळकर १९७३ सालीं यवतमाळास, त्यांचे बंधु व्यंकटेश १९८३ सालीं अंबाजोगाईस, आणि शंकरराव खरात १९८४ सालीं जळगांवास. यांतील खरात हे आटपाडीच्या महारवाड्यांत जन्मलेले, जुन्या गोतसभेंत ज्यांस कडेला बसावें लागलें असतें असे.

अप्पासाहेब पंत यांनीं १९८९ सालीं या प्रयोगाची हकीकत इंग्रजींत ग्रंथरूपानें लिहिली, डॉ. इंदिरा रोदरमुंड यांचाहि त्यावर ग्रंथ आहे. हीं दोन्ही लेखनें वरून पाहिलेलीं आहेत. खालून पाहण्याचें साधन म्हणजे ७२ गांवांच्या पंचायतींचें दफ्तर : सभांचीं टिपणें, निवाडे, विहिरीच्या व रस्त्याच्या कामाचे हिशेब, निशाणी डावा अंगठा असलेले अर्ज. मोडीचा कागद पाहिला कीं आपण तो उचलतों, आणि बाळबोधींत लिहिलेली १९४१ सालची वही रद्दींत जाऊं देतों. औंध, आटपाडी, कुंडल व विजापूरकडील गांवांतून ज्यांच्या घरीं पंच, सरपंच किंवा कारकून होऊन गेले असतील त्यांनीं माळ्यावरील बासनें एकवार सोडून पाहावीं, आणि असे कागद निघाल्यास त्यांची नक्कल मंडळाच्या चिटणिसांकडे पाठवावी. मूळ कागद पाहिल्यावर मालकास परत करण्यांत येतील.